मोडीतली चांदी

बिदरी भांड्यावर बसवायची चांदी शुद्धच लागते. तिच्यात तांबे जास्त असले की तार कडक होते, कोरलेल्या खाचेत हातोडीखाली नीट बसत नाही आणि शेवटच्या काळ्या लेपात मळकट होण्याची भीती राहते. भांड्याचा धातू म्हणजे जस्त आणि थोडे तांबे, साधारण सोळा भागांना एक. बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर पाण्यात कालवून तो लेप गरम भांड्यावर चोळला की भांडे काळेभोर होते आणि चांदीची वेल तेवढी पांढरी उरते. चौबाऱ्याजवळच्या गल्ल्यांत हे काम मी लहानपणापासून पाहत आले. शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या जिल्ह्याला आनंद झाला. मला त्या कलेत सगळ्यात जास्त ओढ वाटते ती तारेतल्या चांदीची. ती चांदी येते कुठून, चोख होते कशी, हे स्वतःच्या हाताने करून पाहावे असे फार दिवस मनात होते.

मी भालकी तालुक्यातली. महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर शेतातल्या आखाड्यावर, वस्तीपासून दूर, उघड्या पत्र्याखाली चांदी शुद्ध करायला लागले. धंदा म्हणून नाही. घरातली तुटलेली जोडवी, एका पायाचे पैंजण, मुलांचे झिजलेले वाळे, बिदरी कारागिरांकडून विकत घेतलेले तारेचे तुकडे, एवढीच माझी मोड.

पुस्तकातली समीकरणे मला येत होती. हात शिकवला तो सराफ गल्लीतल्या एका गलाईवाल्यांनी, म्हणजे सोने-चांदी गाळून देणाऱ्या अण्णांनी. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी भागातली माणसे गलाईच्या भट्ट्या घेऊन केरळपासून उत्तर भारतापर्यंत पसरली आहेत. परक्या गावात सोन्याचांदीचा टंच ठरवण्याचे काम लोक यांच्या हाती विश्वासाने देतात. आपल्या मराठी मुलुखाने देशाला दिलेले हे मोठे कसब आहे आणि त्याच्याबद्दल लिहिले जाते ते फारच थोडे. त्यांच्याही आधी आपल्याकडे झारेकरी होते. सोनाराच्या दुकानातली धूळ, राख, भट्टीची माती विकत घेऊन ते ती पाण्यात धूत आणि तळाचे कण वेचत. अण्णांच्या दुकानात अजूनही केर फेकत नाहीत, पोत्यात भरून ठेवतात.

मोड पुढे केली की अण्णांचा पहिला प्रश्न, “टंच किती?” हा प्रश्न हिशोबाचा आहे. नायट्रिक आम्लात चांदी आणि तांबे दोन्ही विरघळतात, पण एक ग्रॅम तांबे एक ग्रॅम चांदीच्या तिपटीहून जास्त आम्ल पिते. साठ टंचाच्या पैंजणात शंभरातले चाळीस ग्रॅम तांबे किंवा दुसरी हलकी मिसळ असते. म्हणजे तेजाबाचा बहुतेक खर्च चांदीवर नाही, भेसळीवर होतो.

मोड मी आधी वितळवत नाही. जुन्या दागिन्यांच्या डाकात कॅडमियम असू शकते. चांदी वितळते सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला आणि कॅडमियम ७६७ अंशांना उकळू लागते. चांदी पाणी होण्याआधीच ती वाफ श्वासात गेलेली असते आणि ती वाफ माणूस मारू शकते. आम्लातून तांबूस तपकिरी धूर निघतो, तोही तसाच फसवा. नायट्रोजन डायऑक्साइड हुंगल्यावर लगेच फारसे काही वाटत नाही, काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरते. म्हणून हे काम घरात नाही, स्वयंपाकघराजवळ तर मुळीच नाही. वारा पाठीशी घेऊन, काचेचे पात्र रुंद थाळ्यात ठेवून, आम्ल पाण्यात घालून सौम्य केलेले आणि मोड थोडी थोडी सोडलेली. चष्मा, हातमोजे, जाड एप्रन हवाच. “तेजाबाला घाई चालत नाही, ताई,” असे अण्णा म्हणायचे. त्यांच्या दुकानाच्या धुरांड्याखाली उभे राहिल्यावर ते मनात पक्के बसते.

द्रावणाचा रंग बोलू लागतो. शुद्ध चांदी विरघळली तर पाणी रंगहीन. तांबे असेल तर निळे. हिरवी झाक दिसली की निकेलचा संशय घ्यायचा, म्हणजे मोडीत गिलट मिसळलेले आहे. गिलटात तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदीचा कणही नसतो. तळाशी कधी काळा, न विरघळणारा गाळ राहतो. सोन्याचा मुलामा दिलेल्या किंवा फार जुन्या चांदीत तो निघतो आणि त्यात सोने असू शकते. तो मी वेगळ्या बाटलीत जपते.

मग त्या निळ्या पाण्यात तांब्याची स्वच्छ पट्टी सोडायची. माझ्या मते सगळ्या कामातली ही सर्वात सुंदर घटना. पट्टीवर क्षणात राखाडी लव उगवते, जाड होते, गळून तळाशी बसते. चांदी विद्युतभार टाकून धातू होते आणि तितके तांबे तिच्या जागी पाण्यात उतरते. शंभर ग्रॅम चांदी खाली बसेपर्यंत सुमारे तीस ग्रॅम पट्टी झिजते. जसजशी चांदी उतरते तसतसे पाणी अधिकाधिक निळे होत जाते. चांदी संपली की नाही हे पाहायला वरच्या पाण्याच्या थेंबात मिठाचे पाणी टाकायचे. पांढरा ढग आला तर अजून थांबायचे.

तळातला तो राखाडी गाळ पाहून कुणी त्याला चांदी म्हणणार नाही. तो गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचा. धुतलेल्या पाण्याच्या थेंबाला अमोनियाने निळा रंग येईनासा झाला की तांबे निघाले. इथे एक गोष्ट मी विद्यार्थ्यांना जितक्या कळकळीने सांगत असे तितक्याच कळकळीने सांगते: चांदी आणि अमोनिया एकत्र असलेले द्रावण कधीही साठवून ठेवायचे नाही. त्यातून सुकताना स्फोटक पदार्थ तयार होतो. चाचणी झाली की त्याच वेळी आम्ल घालून ते मोडायचे.

गाळ सुकवून मुशीत घालायचा, वर सवागी (टाकणखार), आणि भट्टी. वितळलेली चांदी हवेतला प्राणवायू पोटात घेते, स्वतःच्या आकारमानाच्या वीसेक पट, आणि थिजताना तो एकदम बाहेर टाकते. तेव्हा ती उसळून उडते. भट्टीचे काम म्हणूनच मी अण्णांच्या दुकानातच करून घेते. तिथून हातात येते ती लगड बहुतेक शुद्ध असते, पण थोडे तांबे तिला चिकटून राहिलेले असते. ते काढायला वीज लागते.

विजेने चांदी शुद्ध करण्याची ही रीत बर्नहार्ड मोबियस यांनी १८८४ च्या सुमारास उद्योगात आणली. माझ्याकडे तिचे लहान रूप आहे. स्टेनलेस स्टीलचे रुंद पातेले म्हणजे ऋण टोक. त्यात चांदीच्या नायट्रेटचे द्रावण. वर टांगलेल्या टोपलीत दाट विणीचे कापड आणि कापडात लगड, ते धन टोक. दोनतीन व्होल्टची वीज पुरते. लगड विरघळते, चांदी पातेल्याच्या अंगावर येऊन बसते, तांबे द्रावणातच राहते, सोन्यासारखे न विरघळणारे कण कापडात अडकतात. फॅरडेच्या नियमाने एका ॲम्पिअरला तासाभरात चार ग्रॅमच्या किंचित वर चांदी. तीन ॲम्पिअरवर रात्रभर, दहा तास, ठेवले तर सव्वाशे ग्रॅमच्या आत. शेतातली वीज वेळापत्रकाने येते आणि जाते, म्हणून मी बॅटरीवर चालवते.

सकाळी झाकण काढले की पातेल्यात बोरूच्या बनासारखे उभे चकचकीत काटे. चांदीचे स्फटिक घनाकृती रचनेचे, पण वीज त्यांना सरळ वाढू देत नाही. टोकाला चांदी जास्त मिळते, टोक पुढे जाते, त्याला फाटे फुटतात, फाट्यांना पुन्हा पाती. चिमट्याने उचलले तर हलके, उन्हात धरले तर प्रत्येक पात्याचा सपाट पृष्ठभाग वेगळा चमकतो. हे स्फटिक नुसते देखणे नाहीत, ते वाचता येतात आणि मला या छंदात धरून ठेवले ते त्या वाचनाने. लांब, घट्ट, स्वच्छ काटे म्हणजे द्रावणात चांदी भरपूर आणि वीज बेताची. शेवाळासारखी मऊ, काळपट भुकटी पडू लागली की वीज जास्त झाली किंवा द्रावणातली चांदी कमी झाली. दोन टोकांत अंतर थोडे असेल तर एखादा काटा वाढत वाढत टोपलीला जाऊन भिडतो आणि सगळी वीज त्याच वाटेने पळते. म्हणून लाकडी दांड्याने काटे अधूनमधून खाली पाडावे लागतात. द्रावणाचा निळेपणा दिवसागणिक वाढतो, कारण लगडीतून सुटलेले सगळे तांबे तिथेच साचते. एका मर्यादेनंतर तेही चांदीसोबत बसू लागेल. त्याआधी द्रावण काढायचे, तांब्याच्या पट्टीने त्यातली चांदी परत खाली आणायची आणि नवे द्रावण करायचे.

नळाच्या पाण्याने स्फटिक धुवायचे नाहीत. आमच्या भागातल्या पाण्यात क्षार भरपूर. क्लोराइड लागले की पांढरा लेप धरतो आणि उन्हात जांभळट काळा पडतो. ऊर्ध्वपातित पाणीच हवे.

राहिलेल्या निळ्या पाण्याचे काय, हा प्रश्न चांदीइतकाच महत्त्वाचा आहे. शेतात ओतायचे नाही, मोरीत नाही, ओढ्यात तर नाहीच. कारंजा नदीच्या पाण्यावर आमची पिके आणि जनावरे जगतात. लोखंडाचे तुकडे टाकले की तांबे लाल भुकटी होऊन खाली येते. उरलेल्यात चुना घालून बाकी धातू गाळात बसवायचे. कॅडमियम असलेच तर या गाळातच असते, म्हणून तो सुकवून झाकणाच्या पिंपात ठेवते आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेच्या घातक कचऱ्यासोबत पाठवते. ज्याला एवढे करायचे नसेल त्याने हा छंद धरू नये, असे माझे ठाम मत आहे.

लोक नाणी घेऊन येतात. आजोबांच्या पेटीत निघालेले निजामाचे हाली रुपये, चारमिनार छापलेले. बिदर आणि गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते, त्यामुळे ते घरोघरी आहेत. जुना हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा, चांदी शेकडा ८१.८. इंग्रजांचा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि शेकडा ९१.७ चांदीचा होता, १९४० पासून तो निम्म्यावर आला. नाणे मी आम्लात घालत नाही. ते नाणे म्हणूनच राहिले पाहिजे, आणि वितळवणाऱ्याला त्यातून मिळणाऱ्या नऊ ग्रॅम चांदीपेक्षा ते कितीतरी जास्त सांगते.

बायका येतात त्या वेगळ्या कामाला. आळंदपासून, चिंचोळीकडच्या तांड्यांवरून, आमच्याच गावातून. जोडवी, तोडे, करदोडा हातात ठेवतात आणि विचारतात, “बाई, हे चांदी हाय का गिलट?” दुकानात मोडीचा भाव सांगणारा तोच, टंच सांगणाराही तोच. क्ष-किरणांचे यंत्र असते, पण ते दागिन्याचा वरचा पातळ थर वाचते. आत गिलट आणि वर चांदीचा मुलामा असेल तर ते फसते. भरीव दागिन्यासाठी मी साधी रीत वापरते: हवेतले वजन, पाण्यात टांगून घेतलेले वजन, दोहोंतल्या फरकाने भागाकार. चोख चांदी साडेदहाच्या जवळ येते, साठ टंचाची तांब्याची मिसळ सुमारे ९.८, गिलट पावणेनऊच्या आसपास. पोकळ पैंजणाला ही रीत लागू पडत नाही. एका तांड्यावरच्या आज्जींच्या केसांतल्या भरीव घुगऱ्यांचा आकडा गिलटाचा आला. सांगताना मला जड गेले. त्या म्हणाल्या, “इकायचं न्हाई मला. सासूनं दिल्यालं हाय. पर ठावं असावं.”

हे ठाऊक करून घेणे अवघड राहू नये असे मला मनापासून वाटते. गे-ल्युसॅक यांनी १८३० च्या दशकात मिठाच्या पाण्याने चांदी मोजायची रीत घालून दिली. फॉलहार्ड यांची थायोसायनेटची रीत आजही पदवीच्या वर्गात शिकवतात. पाव ग्रॅम कातरण पुरते, शेवटचा थेंब पडला की द्रावण तांबूस होते आणि टंच हातात येतो. बिदर, भालकी, बसवकल्याण, कलबुर्गी, सगळीकडे महाविद्यालये आहेत, ब्युरेट आहेत, मुले आहेत. बाजाराच्या दिवशी एका टेबलावर तराजू आणि पाण्याचे भांडे मांडावे, ज्यांना हवे त्यांची कातरण प्रयोगशाळेत न्यावी आणि टंच लिहिलेला कागद बाईच्या हातात द्यावा. माझ्या जुन्या महाविद्यालयात मी हे मांडले आहे. तराजू माझा आहे, तो मी देणार आहे.