अळू आणि घुइयाँ

सरकारी निवासस्थानाचा ताबा घेताना हाती एक यादी दिली जाते. पंखे किती, दिवे किती, लाकडी कपाटे किती आणि आवारातील झाडे किती. २००६ च्या जून महिन्यात मी बिजौलीच्या घराचा ताबा घेतला तेव्हा यादीत तीन कडुनिंब, दोन पेरू आणि एक लिंबू अशी नोंद होती. मी सही केली, घरामागे जाऊन पाहिले, तो तिथे चांगले सहा वाफे जोमाने वाढत होते. यादीत त्यांचा उल्लेख नव्हता. वाफे म्हणजे मालमत्ता नव्हे, त्यामुळे तो असण्याचे कारणही नव्हते.

बिजौली हे झाशीहून बबिना-ललितपूरकडे जाताना लागणारे गाव. उत्तर प्रदेश शासनाने येथे औद्योगिक वसाहत उभारली. माझे कार्यालय त्याच परिसरात होते आणि निवासही लागूनच. झाशी म्हटले की मराठी माणसाला नारोशंकर आठवतात, नेवाळकर आठवतात, १८५८ च्या वेढ्यात अडकलेले वरसईचे विष्णुभट गोडसे आठवतात. बिजौलीत यातले काहीच नाही. तांबूस, खडीमिश्रित जमीन आहे, तिला तेथे राकड म्हणतात. उन्हाळा असा की दुपारी नळाच्या पाण्याने हात पोळावा.

त्या सहा वाफ्यांत होते तरी काय? लौकी म्हणजे आपला दुधी, कुंदरू म्हणजे तोंडली, करेला, भटा म्हणजे वांगी, कुम्हडा आणि घुइयाँ. वांगी सोडल्यास यातले काहीही मी आवडीने खात नाही. दुधी आजारपणातला, कारले सणावारी आईच्या धाकाने खाल्लेले, आणि घुइयाँ तर मला ठाऊकच नव्हती. पाने पाहून आई म्हणाली, "अगं, हा तर अळू!" परमुलखात दारामागे अळू सापडल्याचा आनंद काय असतो, हे महाराष्ट्राबाहेर संसार केलेल्यांना वेगळे सांगायला नको. त्याच संध्याकाळी घरात चिंच-गुळाचा वास दरवळला आणि अळूवड्या झाल्या. पुढचे तीन महिने दर रविवारी होत राहिल्या.

कक्का हे आमच्या कार्यालयाचे चौकीदार. पगार रोजंदारीवर, काम रात्रीच्या पहाऱ्याचे. सकाळी घरी जाण्यापूर्वी दोन तास ते बागेत असत. कुणी सांगितले म्हणून नव्हे, असे मला वाटे. किंबहुना मी तो प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता. साहेबाच्या बागेत राबणारा कर्मचारी हा आपल्या प्रशासनातील फार जुना आणि न बोलला जाणारा विषय आहे. बहुतेक अधिकारी तो न विचारूनच सोडवतात. मीही तेच केले.

दिवाळीच्या सुमारास पाने पिवळी पडली आणि कक्कांनी वाफा खणला. मी सहज उभी होते. मातीतून निघाले ते सुपारीएवढे कंद. कक्कांनी ते टोपलीत गोळा केले, हातावर घेऊन पाहिले, पुन्हा टोपलीत टाकले. मी म्हटले, "कक्का, यंदा पीक बरोबर आले नाही का?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खाली पाहतच म्हणाले, "मैडम, पत्ते घरात गेले. जमिनीत काय उतरणार?"

त्या दिवशी मला एका साध्या गोष्टीचा उलगडा झाला. पाने हेच त्या झाडाचे अन्न शिजवण्याचे ठिकाण. ती सारखी खुडली की कंद पोसत नाहीत. महाराष्ट्रात आपण अळू लावतो तो पानांसाठी, अळकुड्या हा त्याचा जोडधंदा. बुंदेलखंडात घुइयाँ लावतात ती कंदांसाठी. पानांचे वडे तिथेही करतात, पण जपून, श्रावणातल्या दोन-चार दिवसांपुरते. झाड एकच, आणि त्यावर दोन स्वयंपाकघरांचा हक्क. त्यातले एक स्वयंपाकघर माझे होते, म्हणून दुसरे बोलले नव्हते.

मग हळूहळू बाकीचेही समजले. बियाण्याचे कंद कक्कांनी स्वतःच्या घरून आणले होते. यापूर्वीच्या साहेबांशी त्यांचा एक न लिहिलेला करार होता: साहेबांना हवे ते साहेबांनी घ्यावे, उरेल ते कक्कांनी न्यावे. साहेबांना आवडत नाही तेच कक्का जास्त लावत. म्हणजे मला न आवडणाऱ्या भाज्यांनी भरलेली ती बाग अपघाताने तशी नव्हती. अधिकाऱ्याच्या जिभेला चुकवून एका कुटुंबाचे जेवण उभे करण्याची ती युक्ती होती. कुणाला माहीत असणार की नवी बाई अळू खाणाऱ्यांतली निघेल!

आई फार खजील झाली. तिने सांगितले, कक्कांना बाजारातून दोन किलो घुइयाँ आणून दे. मी आणून दिल्याही. त्यांनी नमस्कार करून घेतल्या. पण भरपाई आणि हिस्सा यांत फरक असतो, तो त्यांच्या नमस्कारात मला दिसला.

पुढचे वर्ष कठीण गेले. २००७ मध्ये पावसाने बुंदेलखंडाकडे पाठ फिरवली, आणि त्याआधीची वर्षेही काही धड नव्हती. या दुष्काळाच्या पाहणीसाठी केंद्राने जे. एस. सामरा यांच्या अध्यक्षतेखाली पथक नेमले, त्याचा अहवाल २००८ मध्ये आला आणि नोव्हेंबर २००९ मध्ये उत्तर प्रदेशातील ७ व मध्य प्रदेशातील ६ जिल्ह्यांसाठी ७,२६६ कोटी रुपयांचे पॅकेज मंजूर झाले. हा सारा कागदोपत्री इतिहास. बिजौलीत त्याचे रूप असे होते की आमच्या आवाराच्या फाटकाशी सकाळी साडेपाचला शेजारच्या वस्तीतल्या बायका हंडे घेऊन उभ्या राहत, आणि आतमध्ये कक्का सरकारी कूपनलिकेचे पाणी वाफ्यांना देत असत.

मी बागेचे पाणी बंद करायला सांगितले. नळ सकाळी दोन तास फाटकाबाहेर काढून दिला. हे काही मोठे औदार्य नव्हे, अधिकारात होते ते केले. पण बाग गेली, तर कक्कांच्या घरचे काय, हा प्रश्न राहिलाच. आणि घुइयाँसारखे पाण्याला हपापलेले पीक त्या सहांत दुसरे नाही.

उत्तर आईने काढले. कोकणात तिच्या माहेरी अळू कधी वाफ्यात लावलाच नव्हता. तो न्हाणीच्या मागे, सांडपाण्यावर आपसूक माजलेला असे. आमच्या घराची मोरी पश्चिमेला उघडत होती आणि ते पाणी रस्त्याकडेच्या चरात वाया जात होते. आईने कक्कांना तिथे नेऊन काठीने रेघ ओढून दाखवली. कक्कांना ते प्रथम रुचले नाही. आंघोळीच्या पाण्यावरचे पीक खायचे म्हणजे काय! चार दिवस विचार करून ते राजी झाले, पण दोन अटींवर. कपडे धुतलेले सोड्याचे पाणी त्या बाजूला सोडायचे नाही. आणि अम्माजींनी पाने तोडायची तर एका झाडाचे एकच, तेही कक्कांना विचारून. आईने दोन्ही मान्य केल्या. मी इतक्या वर्षांत अनेक करारनाम्यांवर सह्या केल्या, पण इतक्या काटेकोरपणे पाळला गेलेला करार क्वचितच पाहिला.

मीही त्या पावसाळ्यापासून सकाळी अर्धा तास कुदळ हातात घेऊ लागले. पाणी बंद झाल्यावर माझी मेथी-कोथिंबीर वाळून गेली होती. आता मी जे खणत होते, त्यातले काहीच माझ्या ताटात येणार नव्हते. सुरुवातीला ते विचित्र वाटे. मग एक गंमत लक्षात आली. आपल्याला आवडणारी भाजी लावली की आपण ती कधी तोडायची याकडे डोळे लावून बसतो. न आवडणारी लावली की नजर झाडाकडे राहते: पान का पिवळे, कीड कुठली, माती किती चढवायची. दुधीचा वेल माझ्या हातून जितका चांगला आला, तितकी मेथी कधी आली नाही.

हे शिकल्यावरही मी पुढे चुकलेच. काही वर्षांनी दुसऱ्या एका जिल्ह्यात अंगणवाड्यांच्या परसबागांसाठी बियाण्यांची यादी ठरवण्याचे काम माझ्याकडे आले. मी उत्साहाने पालक, मेथी, गाजर, बीट आणि शेवगा असे लिहिले. पोषणाच्या दृष्टीने त्या यादीत खोट काढता आली नसती. वर्षभराने पाहणीला गेले तेव्हा एका अंगणवाडीत बीट म्हशीला घातलेले आढळले. भाताला लागलेला लाल रंग पाहून मुले ताट सरकवत. कुंपणावर मात्र कुम्हड्याचा वेल फळांनी लगडला होता. मदतनीस बाईंनी तो घरच्या बियांतून लावला होता आणि मुले तो रोज खात होती. नोंदवहीत तो नव्हता, कारण नोंदवहीचा तक्ता माझ्या यादीवरून छापलेला होता. त्या अंगणवाडीची बाग शासकीय तक्त्यानुसार अयशस्वी ठरली होती.

यावर एका सहकाऱ्याने मला सांगितले, शेतकरीही स्वतः न खाणारी पिके घेतोच की. खरे आहे. पुढे २०२१ च्या आरंभी झाशीत स्ट्रॉबेरी महोत्सव झाला आणि ३१ जानेवारीच्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी त्या लागवडीचा उल्लेख केला, तेव्हा मला हे बोलणे आठवले. आपण मराठी माणसे स्ट्रॉबेरी म्हणजे महाबळेश्वर असे समजत आलो. बुंदेलखंडात ती पिकवणाऱ्यांच्या घरात आठवड्यातून किती वेळा ती खाल्ली जात असेल? पण तिथे विकत घेणाऱ्याची जीभ भावातून बोलते. माल पडून राहिला तर पुढच्या वर्षी लावणारा शहाणा होतो. सरकारी परसबागेत भाव नसतो. अंगणवाडीतले मूल ताट सरकवते, त्याचा आवाज तक्त्यापर्यंत पोचत नाही. आणि यादी करणाऱ्याला तर आपली आवड ही आवड वाटतच नाही, ती त्याला पोषणशास्त्र वाटते.

२००९ मध्ये माझी बिजौलीहून बदली झाली. न्हाणीमागची घुइयाँ त्या वर्षी बऱ्यापैकी पोसली होती. कक्कांनी शिजवून आणलेली भाजी मी खाल्ली, ओव्याची फोडणी चांगली होती, पण तो बुळबुळीतपणा मला अजूनही सोसत नाही आणि ते त्यांनी ओळखलेही. आईने मात्र दोनदा वाढून घेतली.

ताबा देताना यादी पुन्हा टंकलिखित झाली. तीन कडुनिंब, एक पेरू (दुसरा दुष्काळात गेला), एक लिंबू. खाली जागा होती. मी पेनने एक ओळ वाढवली: "घुइयाँ, एक ओळ, न्हाणीच्या सांडपाण्यावर. बियाणे चौकीदाराचे. पाने तोडण्यापूर्वी त्यांना विचारावे." लिपिकाने विचारले, ही नोंद कोणत्या रकान्यात घ्यायची. मालमत्तेत ती बसत नव्हती, झाडांतही नाही. शेवटी 'शेरा' या रकान्यात घेतली आणि नव्या अधिकाऱ्यांनी, हसत का होईना, तिच्याखाली सही केली.