आधी स्टँडर्ड, मग लेसर

23 ऑगस्ट 2023 रोजी चांद्रयान-3 चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले. त्यानंतर आठवडाभरातच प्रज्ञान रोव्हरवरच्या लिब्स उपकरणाला तिथल्या मातीत गंधक निश्चितपणे आढळल्याचे इस्रोने जाहीर केले. सोबत अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम, लोह, क्रोमियम, टायटॅनियम, मँगनीज, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचीही नावे होती. लिब्स म्हणजे लेसर-इंड्युस्ड ब्रेकडाउन स्पेक्ट्रोस्कोपी, आणि हे उपकरण बंगळुरूला इस्रोच्याच प्रयोगशाळेत घडलेले. त्याने चंद्रावरून वर्णपट पाठवावा, याचा या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणालाही अभिमान वाटेल, तसा मलाही आहे. त्या घोषणेत गंधक ‘आहे’ एवढेच सांगितले होते, ‘किती आहे’ याचा आकडा नव्हता. माझ्या दृष्टीने तो आकडा न देणे हीच त्या घोषणेतली सर्वात शास्त्रीय गोष्ट होती. लेसरने पदार्थ तपासण्याच्या सगळ्या विद्येचा कस या ‘आहे’ आणि ‘किती आहे’ यांच्यामधल्या अंतरात लागतो, आणि ते अंतर लेसर कापत नाही. ते काम शेजारी ठेवलेला, घटक आधीपासून ठाऊक असलेला नमुना करतो. प्रयोगशाळेत आम्ही त्याला नुसते ‘स्टँडर्ड’ म्हणतो.

आधी उपकरण काय करते ते पाहू. बहुतेक वेळा 1064 नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसरचा काही नॅनोसेकंदच टिकणारा स्पंद भिंगातून नमुन्यावर एकवटतात. ठिपका केसाच्या जाडीएवढा असतो, पण तिथे दर चौरस सेंटिमीटरला एक गिगावॉटहून अधिक शक्ती ओतली जाते. तेवढ्या जागेतला पदार्थ, फार तर मायक्रोग्रॅमभर, क्षणात उडतो आणि त्याचा प्लाझ्मा होतो. सुरुवातीला हा प्लाझ्मा सरसकट पांढरा झगमगतो आणि त्या झगमगाटात कुणाचीच ओळख पटत नाही, म्हणून डिटेक्टर साधारण एक मायक्रोसेकंद उशिरा उघडायचा. तोवर तापमान दहा हजार केल्विनच्या आसपास उतरते, आणि अणूंमधले इलेक्ट्रॉन खालच्या पातळीवर येताना आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीचा प्रकाश टाकू लागतात. शिसे 405.8 नॅनोमीटरला दिसते, क्रोमियमची त्रयी 425 ते 429च्या दरम्यान. नमुना विरघळवायला नको, आम्ल नको, तास-दोन तास थांबायला नको. हे वर्णन ऐकून कुणालाही वाटेल की रेषा जेवढी उंच तेवढा पदार्थ जास्त, तेव्हा उंची मोजली की काम झाले.

तसे होत नाही, आणि का होत नाही हे समजून घेण्यात आमचे बरेचसे आयुष्य जाते. तीच शिशाची मात्रा काचेत असेल, मातीत असेल किंवा हळदीत असेल, तर रेषेची उंची तिन्ही ठिकाणी वेगळी येते. कठीण पदार्थातून कमी द्रव्य उडते, मऊ पदार्थातून जास्त. ओल असेल तर लेसरची बरीचशी ऊर्जा पाणी उडवण्यातच खर्च होते. सोडियमसारखे सहज आयनीभूत होणारे मूलद्रव्य सोबत असेल तर प्लाझ्मातल्या इलेक्ट्रॉनांची संख्या बदलते आणि बाकीच्यांच्या रेषाही वरखाली होतात. याला आम्ही मॅट्रिक्सचा, म्हणजे सोबतच्या बाकी पदार्थाचा, परिणाम म्हणतो. त्यात भर म्हणून, एखादे मूलद्रव्य फार असेल तर प्लाझ्माच्या आतून निघालेला प्रकाश त्याच मूलद्रव्याचे बाहेरच्या थरातले थंड अणू गिळून टाकतात. मात्रा वाढत जाते, पण रेषा वाढायची थांबते, कधी तर तिच्या माथ्यावर खळगा पडतो. चंद्रावर आणखी एक अडचण आहे. तिथे हवा नाही, त्यामुळे प्लाझ्माला बांधून ठेवणारे काही नसते, तो झपाट्याने पसरतो आणि लवकर मंदावतो. बंगळुरूच्या हवेत घेतलेला आलेख तिथे लावता येत नाही. चंद्राच्या मातीसारखा नमुना निर्वात पेटीत ठेवून त्यावर लेसर मारावा लागतो, आणि मगच ‘किती’चा विचार सुरू होतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो. मात्रेसाठी स्टँडर्ड लागत असेल, पण ओळखीसाठी कशाला? प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा तर कोष्टकात छापलेल्या आहेत. याचे उत्तर इतिहासातच आहे. 1868च्या खग्रास सूर्यग्रहणात खगोलशास्त्रज्ञ यान्सेन यांनी गुंटूरहून सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला, आणि त्याच काळात 587.5 नॅनोमीटरजवळ एक पिवळी रेषा नोंदली गेली. पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात पदार्थाशी ती जुळेना. तिला हेलियम असे नाव मिळाले, पण 1895 मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांनी युरेनियमयुक्त खनिजातून तो वायू बाटलीत पकडून त्याची रेषा ताडून पाहीपर्यंत ते नाव एक अनुमानच होते. हेलियमचे नशीब चांगले. त्या ग्रहणाच्या पुढच्याच वर्षी, 1869 मध्ये, सूर्याच्या प्रभामंडळात 530.3 नॅनोमीटरला एक हिरवी रेषा दिसली आणि तिच्यावरून कोरोनियम नावाचे मूलद्रव्य मानले गेले. तेजोमेघांतल्या हिरव्या रेषांवरून नेब्युलियम मानले गेले. दोन्ही मूलद्रव्ये अस्तित्वात नाहीत. नेब्युलियम म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन, हे बोवेन यांनी 1927 मध्ये दाखवले. कोरोनियम म्हणजे तेरा इलेक्ट्रॉन गमावलेले लोह, हे कळायला जवळजवळ पाऊणशे वर्षे लागली. रेषा खऱ्याच होत्या, मोजमापही अचूक होते. शेजारी ठेवून पाहायला ज्ञात पदार्थ नव्हता, म्हणून चांगल्या निरीक्षकांच्या हातून अस्तित्वातच नसलेली मूलद्रव्ये जन्माला आली. आज कोष्टकात दिसणारी प्रत्येक रेषा कुणीतरी प्रयोगशाळेत शुद्ध पदार्थ समोर ठेवून मिळवलेली आहे किंवा तशा मोजमापांवर पारखलेली आहे. कोष्टक वापरणारा स्टँडर्डच वापरत असतो, फक्त ते दुसऱ्याने आधी तयार केलेले असते.

सोनाराचे उदाहरण इथे नेमके लागू पडते. कसोटीच्या दगडावर दागिन्याची रेघ ओढून त्याला शुद्धता कळत नाही. शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढली की कळते. दगड कितीही उत्तम असला तरी ती दुसरी रेघ चुकवता येत नाही. आधुनिक प्रयोगशाळांना हे किती कठोरपणे शिकावे लागले याचा दाखला 1951चा आहे. अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्याने ऱ्होड आयलंडमधला ग्रॅनाइट आणि व्हर्जिनियातला डायबेस दळून, त्यांची जी-1 आणि डब्ल्यू-1 अशी नावे ठेवून, एकच पूड नावाजलेल्या प्रयोगशाळांना वाटली. उत्तरांमधली तफावत पाहून सगळेच हादरले. त्यातूनच खडकांची प्रमाणित स्टँडर्ड्स तयार करण्याची परंपरा रुजली. 2012 मध्ये मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी रोव्हरवरचे केमकॅम सात मीटरपर्यंतच्या खडकावर लेसर मारते, पण रोव्हरच्याच अंगावर काच, सिरॅमिक, ग्राफाइट आणि टायटॅनियम अशी दहा स्टँडर्ड्स बसवलेली आहेत. पृथ्वीवर आधी सत्तरच्या आत नमुन्यांवर त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे रेषांवरून मात्रा काढण्याची जुळणी, झाले होते. रोव्हर उतरला त्या गेल विवरातले काही खडक त्या नमुन्यांच्या मर्यादेबाहेरचे निघाले, तेव्हा 2017 मध्ये मंगळासारख्या वातावरणात 408 नमुन्यांवर नव्याने कॅलिब्रेशन प्रसिद्ध झाले, आणि जुन्या वर्णपटांतून नवे आकडे निघाले. मंगळावरचा लेसर तोच राहिला. सुधारणा झाली ती पृथ्वीवरच्या नमुन्यांच्या कपाटात.

आता आपल्या घरातला पदार्थ घेऊ. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तीत लेड क्रोमेट मिसळण्याचा प्रकार सर्वज्ञात आहे आणि तो मुलांच्या मेंदूवर घाला घालतो. लिब्सने हळद तपासायची म्हटले तर स्टँडर्ड कसे करायचे? शुद्ध हळद वाळवून, चाळून घ्यायची आणि तीत तोलून लेड क्रोमेट घालायचे, हे वाक्य लिहायला सोपे आहे. पण लेड क्रोमेटची घनता पाण्याच्या सहापट, हळद हलकी. बाटली हलवली की जड कण तळाला जातात. म्हणून आधी समभाग हळदीत घोटायचे, मग पुन्हा समभाग, असे करत करत मात्रा खाली आणावी लागते. मग हिशेब येतो कणांचा. एका स्पंदात मायक्रोग्रॅमभर हळद उडते आणि तीत दशलक्षात 100 भाग शिसे असेल असे धरले, तर त्या स्पंदाच्या वाट्याला 0.1 नॅनोग्रॅम शिसे यायला हवे. पण लेड क्रोमेटच्या पाच मायक्रॉनच्या एकाच कणात साधारण 0.26 नॅनोग्रॅम शिसे असते. म्हणजे बहुतेक स्पंदांना काहीच दिसत नाही आणि एखाद्याला एकदम अडीचपट दिसते. स्टँडर्डमधले कण बाजारातल्या भेसळीइतकेच बारीक नसतील तर शेकडो स्पंदांची सरासरीसुद्धा दिशाभूल करेल. त्यानंतर दाबून पेलेट करायची, बाटलीतल्या वेगवेगळ्या जागांहून चिमटी घेऊन आम्लात विरघळवून आयसीपी-एमएस या मूलद्रव्ये मोजणाऱ्या उपकरणावर शिसे सगळीकडे सारखे आहे का ते पाहायचे, आणि काही महिन्यांनी पुन्हा पाहायचे. या सगळ्यात लेसर अजून चालूच झालेला नाही.

स्टँडर्डशिवाय भागवण्याचे मार्ग नाहीत का? आहेत, आणि ते बुद्धिमान आहेत. पिसाच्या संशोधकांनी 1999 मध्ये मांडलेल्या कॅलिब्रेशन-फ्री पद्धतीत प्लाझ्माचे तापमान आणि इलेक्ट्रॉनांची घनता वर्णपटातूनच काढून सर्व घटकांची बेरीज शंभर टक्के धरतात. मी या पद्धतीला फार मानतो. अनोळखी खडकासमोर ती पहिला अंदाज देते तसा दुसरे काही देत नाही. पण प्लाझ्मा स्थानिक समतोलात आहे, स्वतःचा प्रकाश स्वतः गिळत नाही आणि नमुन्यातले प्रमाण जसेच्या तसे वर आले आहे, या तिच्या गृहीतकांची परीक्षा करायला शेवटी ज्ञात नमुनाच लागतो. शिवाय सगळे घटक दिसले नाहीत तर शंभराची बेरीजच खोटी पडते, आणि दशलक्षातल्या भागांसाठी तर ती फारच ढोबळ. मशीन लर्निंगचेही तसेच. हजारो वर्णपटांतून मॉडेल जे शिकते ते त्या वर्णपटांना लावलेल्या आकड्यांवर शिकते. आकडे ज्या नमुन्यांचे, तेवढ्याच मुलखात त्याला वाट माहीत असते. त्याबाहेर गेल्यावरही ते तितक्याच ठामपणे उत्तर देते, ही खरी भीती.

भंगाराच्या आवारात मात्र मला हा आग्रह सैल करावासा वाटतो. 7075 आणि 6061 या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातू वेगळ्या करायच्या असतील तर जस्ताची रेषा उंच की ठेंगणी एवढे पुरते. तिथे वेगच महत्त्वाचा. पण एक आक्षेप याहून खोल आहे, तो असा की स्टँडर्डचा आकडा तरी कुणी दिला? दुसऱ्या पद्धतीने, तिला तिसऱ्या स्टँडर्डने, मग याला अंत कुठे? अंत आहे. साखळी खाली उतरत शेवटी तराजूपाशी थांबते, शुद्ध धातू तोलून केलेल्या द्रावणापाशी. वाटेतल्या प्रत्येक कडीने आपली अनिश्चितता लिहून दिलेली असते. भारतात राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या पुढाकाराने भारतीय निर्देशक द्रव्ये या नावाने अशी स्टँडर्ड्स तयार होतात. मुंबईच्या टांकसाळीत बनलेले 9999 शुद्धतेचे सोने त्यांतलेच एक, भाभा अणुसंशोधन केंद्रासह अनेक संस्थांच्या तपासणीतून उतरलेले. साखळी परिपूर्ण नसते. पण तिच्यातली चूक किती असू शकते हे सांगता येते, आणि साखळीविना आलेल्या आकड्याबद्दल तेवढेही सांगता येत नाही.

असे असूनही आमच्या विद्यापीठांत या कामाला मान नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. शोधनिबंधात सर्वात कमी किती शिसे दिसले तो आकडा ठळक असतो आणि स्टँडर्ड कसे केले ते दोन ओळींत उरकलेले असते. कणांचा आकार दिलेला नसतो, एकजिनसीपणाची तपासणी दिलेली नसते. तो ठळक आकडा बहुधा एकाच दुकानातल्या एकाच हळदीतून निघालेला असतो. सांगलीच्या बाजारात राजापुरी येते, सेलम येते. वायगावची हळद जास्त कुरकुमिनसाठी ओळखली जाते. प्रत्येकीचे तेल वेगळे, तंतू वेगळा, पेलेटचा घट्टपणा वेगळा, म्हणजे मॅट्रिक्स वेगळा. उद्या अशा उपकरणाच्या आकड्यावर एखाद्या व्यापाऱ्याचा माल जप्त होणार असेल, किंवा एखाद्या घरातली हळद सुरक्षित ठरणार असेल, तर या प्रत्येक वाणाची, वेगवेगळ्या मात्रांची, निदान तीन स्वतंत्र प्रयोगशाळांनी तपासलेली स्टँडर्ड्स आधी हवीत. एखाद्या विद्यार्थ्याने पीएचडीची तीन वर्षे फक्त त्या बाटल्या तयार करण्यात घालवली, तर तो प्रबंध मी नव्या लेसरवरच्या प्रबंधाइतकाच मोलाचा मानीन, आणि परीक्षक म्हणून त्याला पहिला प्रश्न कणांच्या आकाराबद्दल विचारीन.