पिएत्रोबुवांचा परवचा

गाणाऱ्याने घर सोडलं तर ते रात्रीपुरतं, हा आमच्या मालवणचा नियम. डबलबारीचे बुवा संध्याकाळी पेटी-पखवाज घेऊन निघतात आणि पहाटे चहाला घरी हजर असतात. पण रोममधल्या एका बुवांनी १६१४ साली घर सोडलं आणि ते परतले १६२६ साली! घरच्यांनी इतकी वर्षं चहा किती वेळा गरम केला असेल, असं म्हणणार होतो. पण तेव्हा त्यांच्याकडे चहा नव्हता.

बुवांचं नाव पिएत्रो देल्ला वाल्ले. जन्म १५८६. घराणं खानदानी. कविता करायच्या, चाली लावायच्या, तलवार बांधायची. थोडक्यात, नोकरी सोडून सगळं करायचं. त्यात प्रेमभंग झाला. आपल्याकडे प्रेमभंग झालेला तरुण दाढी वाढवतो, नाहीतर एम. कॉम.ला नाव घालतो. बुवांना नेपल्सच्या स्किपानो नावाच्या मित्राने प्रवासाचा सल्ला दिला. सल्ला देणाऱ्याला शिक्षाही मिळाली. बुवांनी त्याला वाटेतून चांगली लांबलचक चोपन्न पत्रं पाठवली!

तुर्कस्तान, इजिप्त, जेरुसलेम करीत बुवा बगदादला पोचले आणि तिथे मआनी नावाच्या मुलीशी लग्न केलं. दोघं इराणात हिंडली. १६२१च्या अखेरीस ती तिकडेच वारली. परक्या मुलखात तिला एकटीला ठेवायला बुवांचं मन होईना. त्यांनी कापूर घालून तिचा देह जतन केला, सामानात लपवला आणि बरोबर घेतला. आमच्या बँकेत लोक दागिने लॉकरमध्ये ठेवून किल्ली विसरतात. या माणसाने चार वर्षांहून अधिक काळ आपली ठेव जमिनीवरून, समुद्रावरून सांभाळून नेली आणि रोमला घरच्या थडग्यात ठेवली. इथे विनोद करायला माझी लेखणी धजत नाही.

तर १६२३च्या एप्रिलमध्ये सुरतेकडून गोव्याला जाताना हे बुवा आमच्या किनाऱ्यासमोरून गेले. सिंधुदुर्ग किल्ला तेव्हा नव्हता. महाराजांनी तो बांधायला घेतला १६६४ साली. कुरटे बेटावर खडक आणि समुद्रपक्षी, एवढंच काय ते. बुवा काही थांबले नाहीत. मालवणला न थांबता थेट गोवा गाठायची पर्यटकांची खोड इतकी जुनी आहे.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ते पोर्तुगीज वकिलाबरोबर इक्केरीच्या राजाकडे निघाले. वाटेत एका देवळाच्या ओसरीवर चार मुलगे हिशेब शिकत बसलेले दिसले. जमिनीवर बारीक वाळू पसरलेली. एकाने सुरात आकडा म्हणायचा, म्हणता म्हणता बोटाने वाळूत लिहायचा. मग बाकीच्यांनी तसंच गायचं, तसंच लिहायचं. जागा भरली की पुसून पुन्हा वाळू. कागदाचा खर्च शून्य. आमच्या बँकेने स्टेशनरी बचतीची तीन परिपत्रकं काढली, तीही कागदावर.

बुवांचा कान गाणाऱ्याचा. सुरात म्हटलेलं डोक्यात पक्कं बसतं, हे त्यांनी तिथल्या तिथे ओळखलं. पण शिक्षक कुठे दिसेना. त्यांनी विचारलं, "चुकलात तर दुरुस्त कोण करतं?" मुलं म्हणाली, चौघंही एकाच ठिकाणी एकदम कशी चुकतील? एक चुकला की बाकीचे सांगतात.

वा! आख्खं ऑडिट खातं या उत्तरात बसतं. फरक एवढाच, की ही मुलं चूक तिथल्या तिथे सांगत होती आणि आमचे ऑडिटर दोन वर्षांनी सांगतात.

आमच्या काउंटरवर मासळी बाजारातली एक आजी येते. परवा सोळा सुरमया विकून आली होती, साडेतीनशेला एक. मी कॉम्प्युटर चालू व्हायची वाट बघत होतो. ती तोंडातल्या तोंडात गुणगुणली, "सोळा औटे छप्पन," आणि पाच हजार सहाशे पुढे ठेवून म्हणाली, "झिला, तुझा मशीन उठासर माझो हिशोब झालो!" ही औटकी तिला कुणी शिकवली? थोरल्या भावाच्या परवच्यात मागे बसून तिने ऐकली. शाळेचं तोंड तिने पाहिलेलं नाही.

रोमला परतल्यावर पिएत्रोबुवांनी संगीत रचलं, नवी वाद्यं करवून घेतली. १६४० साली एक मोठं पत्र लिहून, आमच्या काळचं संगीत मागच्यांपेक्षा कमी नाही, असा वादही घातला. पालेस्त्रीनासारख्या थोर माणसाच्या रचना आता जुन्या सुंदर वस्तूंसारख्या संग्रहालयात जपाव्यात, असं त्यांचं म्हणणं. गंमत बघा: पालेस्त्रीना आजही चर्चमध्ये गायला जातो आणि पिएत्रोबुवांचं बरंचसं संगीत हरवलं. त्यांना ओसरीवर भेटलेली चाल मात्र आमच्या आजीच्या ओठावर शाबूत आहे.

मला वाटतं, हा चौघांचा महिमा. एकट्याने पाठ केलेलं एकट्यालाच विसरायला होतं. चौघांनी गायलेलं विसरायचं तर चौघांचं एकमत लागतं, आणि चार मालवणी माणसांचं एकमत झाल्याची नोंद अजून कुठल्याही दप्तरात नाही.

हल्ली आमच्या आळीत संध्याकाळी घराघरांतून परवचा ऐकू येत नाही. प्रत्येक मूल एकेका मोबाइलसमोर एकेकटं बसलेलं असतं. म्हणून गेल्या महिन्यापासून मी आमच्या ओटीवर तीन मुलं जमवली आहेत. पावकी झाली, निमकी चालू आहे. चौथा मुलगा मिळत नाही, तोवर चौथा मीच. सूर बेताचा आहे; पण चुकलो तर सांगायला तिघं आहेत.