विमान अधिक घातक की मोटारसायकल?

अपरिचित वस्तूचे मनुष्यास भय वाटते व परिचित वस्तूविषयी तो निर्धास्त असतो. परंतु संकट आपला परिचय पाहून येत नसते. दोन-चार माणसांच्या लहान विमानाचे नाव काढताच ज्या मातापित्यांच्या अंगावर काटा उभा राहतो, तेच मुलाच्या हाती मोटारसायकलीची किल्ली मोठ्या कौतुकाने देतात.

हे भय कितपत यथार्थ आहे, हे पाहावे म्हणून आम्ही नववीच्या वर्गात एक त्रैराशिक घातले. अमेरिकेत लहान खासगी विमानांच्या उड्डाणाचे 1 लाख तास भरले की सुमारे 1 प्राणघातक अपघात होतो. तेथेच मोटारसायकलींच्या 10 कोटी मैलांमागे अलीकडे 25 ते 30 माणसे दगावतात. ताशी 30 मैल वेग धरल्यास तेवढ्या मैलांस सुमारे 33 लाख तास लागतात. म्हणजे 1 लाख तासांमागे जवळजवळ 1 मृत्यू! विमानाच्या एका अपघातात एकाहून अधिक जीव जाऊ शकतात हे खरे. तरी दोन्ही पारडी इतकी जवळ येतील, अशी वर्गात कोणाचीच कल्पना नव्हती.

कारणे मात्र भिन्न आहेत. ढगांत शिरणे, इंधन संपू देणे, जमिनीलगत वेग गमावणे, असे वैमानिकाचे घात बहुधा त्याच्याच निर्णयातून उद्भवतात. म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी तो विमानाभोवती फिरून इंधन, तेल, पंख व सुकाणू तपासतो आणि हवामान विचारतो. मोटारसायकलस्वाराचे प्राण स्वतःच्या दक्षतेइतकेच परक्याच्या चुकीवरही अवलंबून असतात, आणि त्याच्याभोवती पत्र्याचे कवचही नसते.

अरबस्तानच्या युद्धात नाव मिळविलेले लॉरेन्स 1919 साली रोमजवळच्या विमान अपघातातून बचावले. त्यात दोघे वैमानिक ठार झाले होते. तेच लॉरेन्स मे 1935 मध्ये सायकलवरील दोन मुलांना चुकविताना मोटारसायकलीवरून फेकले गेले व सहा दिवसांनी निवर्तले. त्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. त्यांच्या उपचारांत असलेले शल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे अशा इजांचा अभ्यास करून 1941 साली शिरस्त्राणाचे महत्त्व प्रतिपादिले.

आपल्या देशात 2022 साली रस्त्यांवर 1,68,491 माणसे मृत्यू पावली. त्यांत सुमारे 44 टक्के दुचाकीवरील होती. गतवर्षी आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरी सांत्वनास जाण्याचा प्रसंग आम्हांवर आला. त्याचे नवे शिरस्त्राण दाराशेजारच्या खुंटीवर टांगलेले होते. त्याच्या मातेची दृष्टी तिकडे वारंवार जात होती आणि आम्हांस बोलावयास शब्द सुचत नव्हता.

विद्यार्थिमित्रहो, आम्ही तुम्हांस वाहनाचे भय घालू इच्छित नाही. वयात येऊन परवाना मिळाला म्हणजे मोटारसायकल अवश्य चालवा. पण तीवर बसण्यापूर्वी वैमानिकाप्रमाणे तिच्याभोवती एक फेरी घाला. ब्रेक पाहा, चाकांतील हवा पाहा, दिवा पाहा आणि शिरस्त्राणाचा पट्टा हनुवटीखाली घट्ट बांधा. या कामास दोन मिनिटे पुरतात.