रंगांची वाटणी आणि स्त्रियांचा हक्क

रंग निसर्गात असतो. त्याचा अर्थ मात्र समाज लावतो. आकाश निळे आहे, पळस लाल फुलतो, यात कुणाचा मान नाही आणि अपमानही नाही. पण अमुक रंग सुवासिनीचा, अमुक विधवेचा, अमुक मुलीचा आणि अमुक मुलाचा, अशी वाटणी माणसांनी केली, तेथून रंगाचा इतिहास सुरू होतो. राजे, तह आणि लढाया यांना आपण इतिहास म्हणतो. कोणी कोणत्या रंगाचे वस्त्र नेसावे याला रीत म्हणून सोडून देतो. इतिहासाचे अध्यापन करीत आल्यामुळे आम्हांला मात्र नेहमी असे वाटत आले आहे की, ज्याला आपण रीत म्हणतो तेथेच सत्ता अधिक खोलवर दडलेली असते. संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा आठवणींची जंत्री देण्यापेक्षा या एका प्रश्नाचा विचार माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर मांडावा, असे आम्ही ठरविले. त्याला एक तातडीचे कारणही आहे; ते लेखाच्या ओघात येईल.

काही वर्षांपूर्वी एका दानशूर गृहस्थांनी आपल्या वसतिगृहातील मुलांमुलींसाठी दप्तरे पाठविली. निम्मी गुलाबी आणि निम्मी निळी. मुलांची संख्या मुलींपेक्षा अधिक असल्याने पाचवीतील चार-पाच मुलांच्या वाट्याला गुलाबी दप्तरे आली. त्यांतील एका मुलाने दुसऱ्या दिवशी दप्तर उलटे करून, आतले करडे अस्तर बाहेर काढून आणले. शिवण उसवली, वह्या भिजल्या. पण त्याने ते सुलटे केले नाही. ‘पोरीचं दप्तर’ हे दोन शब्द त्याला पावसापेक्षा जड वाटत होते. त्या लेकरावर रागावण्यात अर्थ नव्हता. दहा वर्षांच्या मुलाला मुलीच्या वस्तूची लाज वाटते, ती त्याने जन्मताना आणलेली नसते. मुलगी असणे कमीपणाचे आहे हे त्याला कोणीतरी आधीच शिकविलेले असते.

त्या दिवशी नेमलेला पाठ बाजूला ठेवून आम्ही वर्गाला गुलाबी रंगाचा इतिहास सांगितला. पाश्चात्त्य देशांत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लहान मुलांना, मुलगा असो वा मुलगी, बहुधा पांढरे झगे घालीत. ते उकळत्या पाण्यात धुता येत, हे त्याचे साधे कारण. पुढे रंग आले तेव्हाही वाटणी ठरलेली नव्हती. १९१८ साली अमेरिकेतील बालवस्त्रांच्या एका व्यापारी नियतकालिकाने तर गुलाबी रंग ठसठशीत म्हणून तो मुलांचा आणि निळा नाजूक म्हणून तो मुलींचा, असा सल्ला दिला होता. जो बी. पाओलेटी या अमेरिकन अभ्यासिकेने या विषयावर ग्रंथ लिहिला असून, आजची गुलाबी-निळी वाटणी विसाव्या शतकात हळूहळू पक्की झाली आणि तिच्यात व्यापाराचा हात मोठा होता, हे दाखविले आहे. थोरल्या भावाचे कपडे धाकट्या बहिणीला चालेनासे झाले की दुकानदाराची विक्री दुप्पट होते. हे ऐकल्यावर तो मुलगा इतकेच म्हणाला, “म्हणजे हे दुकानदारानं ठरवलं?” आम्हांला वाटते, इतिहास शिकविल्याचे सार्थक अशा एखाद्या प्रश्नात असते.

आपल्याकडील उदाहरणे याहून बोलकी आहेत. विधवेचा रंग पांढरा, असे अनेकांना धर्माज्ञेइतके अटळ वाटते. परंतु महाराष्ट्रातील ब्राह्मण घरांत केशवपन झालेल्या विधवेला तांबडे आलवण नेसावे लागे. बंगालमध्ये विधवेच्या नशिबी पांढरे वस्त्र होते. म्हणजे एकाच दुःखाला एका प्रांतात लाल रंग दिला गेला, दुसऱ्या प्रांतात पांढरा. रंग बदलला, पण हेतू एकच राहिला: ही स्त्री दुरून ओळखू यावी, आणि शुभकार्यापासून तिला दूर ठेवता यावे. म्हणूनच नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० च्या सुमारास मुंबईतील नाभिक बांधवांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला, ही घटना आम्हांला कोणत्याही लढाईइतकी महत्त्वाची वाटते. ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला.

त्याच पांढऱ्या रंगाला आपल्या समाजाने वेगळा अर्थ दिला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर शुभ्र वस्त्रांचा सागर लोटला होता. आमची आजी त्या सागरातील एक थेंब होती. ती तेव्हा विधवा होती. दीक्षेच्या दिवशी सुवासिनी, विधवा आणि कुमारिका साऱ्या एकाच रंगात उभ्या होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याला कोणी बाजूला सरकायला सांगितले नाही, असे ती सांगत असे. पुढे आमचा मंगलपरिणय झाला तेव्हा आम्हीही पांढरीच साडी नेसलो. शेजारच्या एक काकू आईला हळूच म्हणाल्या, “अगं, लग्नात पांढरं?” त्यावर आजीने आतून उत्तर दिले, “आमच्यात पांढऱ्याला वैधव्य नाही, बाई.” बाबासाहेबांच्या धम्मक्रांतीचा स्त्रीजीवनावरील परिणाम याहून थोडक्यात आम्हांला सांगता येणार नाही.

वस्त्राचा प्रश्न हा केवळ स्त्री-पुरुषाचा नसतो. जात त्यात उभी असते. त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांना ऊर्ध्ववस्त्राने अंग झाकण्याच्या हक्कासाठी अनेक दशके झगडावे लागले. १८५९ साली राजाज्ञेने ती मुभा मिळाली, तीही उच्चवर्णीय स्त्रियांसारखे वस्त्र घेऊ नये या अटीवर. महाराष्ट्रात अस्पृश्य स्त्रीचे आखूड लुगडे आणि तिच्या गळ्या-हातांतील दागिने हेच तिच्या जातीचे जाहीर प्रमाणपत्र होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना अस्पृश्यतेची ही खूण टाकून देण्यास आणि लुगडे पायघोळ नेसण्यास सांगितले. त्या माउल्यांनी ते लगेच आचरणात आणले. मनुस्मृतीच्या दहनाचे स्मरण आपण दरवर्षी करतो; त्याच परिषदेत वस्त्रक्रांतीही घडली, हे मात्र पुष्कळदा सांगायचे राहून जाते.

त्याहीपूर्वीचा, अडीच हजार वर्षांपूर्वीचा दाखला विनयपिटकात आहे. संघात प्रवेश मिळावा ही महाप्रजापती गौतमीची विनंती तथागतांनी तीनदा मान्य केली नाही. तेव्हा तिने केस उतरविले, काषाय वस्त्र परिधान केले आणि शाक्य स्त्रियांसह ती कपिलवस्तूहून वैशालीपर्यंत पायी चालत गेली. धुळीने माखलेली, सुजलेल्या पायांची ती स्त्री दाराबाहेर उभी होती, म्हणून आनंदाने तिची बाजू मांडली. परवानगी पुढे मिळाली. वस्त्र तिने आधीच धारण केले होते. हक्क मागण्यासाठी स्त्रियांनी एकत्र येऊन एक रंग अंगावर घेतल्याचे इतके जुने दुसरे उदाहरण आम्हांला माहीत नाही.

विसाव्या शतकात हीच गोष्ट लंडनच्या रस्त्यांवर दिसली. मताधिकारासाठी लढणाऱ्या ‘विमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियन’ या संघटनेसाठी १९०८ साली एमेलिन पेथिक-लॉरेन्स यांनी तीन रंग ठरविले: प्रतिष्ठेचा जांभळा, शुचितेचा पांढरा आणि आशेचा हिरवा. त्या वर्षी २१ जून रोजी हाइड पार्कमध्ये लाखोंचा समुदाय जमला, त्यात पांढऱ्या पोशाखातील स्त्रियांच्या रांगा उठून दिसत होत्या. महाराजा दुलीपसिंग यांची कन्या सोफिया दुलीपसिंग हिने याच संघटनेत काम केले. ब्रिटनमध्ये १९१८ साली तीस वर्षांवरील काही स्त्रियांना आणि १९२८ साली पुरुषांच्या बरोबरीने सर्व प्रौढ स्त्रियांना मत मिळाले. आठ मार्चला आज जगभर जांभळा रंग दिसतो, त्यामागे ही परंपरा आहे.

पण इतिहासाने या उजळ चित्राची दुसरी बाजूही नोंदवून ठेवली आहे. ३ मार्च १९१३ रोजी वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या मताधिकाराच्या मिरवणुकीत कृष्णवर्णीय स्त्रियांनी मागे चालावे, असे सुचविण्यात आले. आयडा बी. वेल्स या लढाऊ पत्रकर्तीने ते मानले नाही. ती इलिनॉय राज्याच्या तुकडीत, गोऱ्या भगिनींच्या बरोबरीने चालली. १९२० साली अमेरिकेत स्त्रियांना मताधिकार मिळाला, तरी दक्षिणेकडील कृष्णवर्णीय स्त्रियांना तो खऱ्या अर्थाने वापरता येण्यासाठी १९६५ चा कायदा यावा लागला. वस्त्राचा रंग एक असला तरी कातडीचा रंग आड आला. स्त्रिया सगळ्या सारख्याच, असे जेव्हा आम्हांला सांगितले जाते, तेव्हा मिरवणुकीत मागे कोणाला चालवले आहे, हे आम्ही पाहतो. आपल्या समाजातील स्त्रीला ही नजर कोणी शिकवावी लागत नाही.

लादलेला रंग आणि निवडलेला रंग यांतील फरक जगातील कितीतरी स्त्रियांनी दाखवून दिला आहे. दक्षिण आफ्रिकेत १९५५ साली ‘ब्लॅक सॅश’ संघटनेच्या गोऱ्या स्त्रिया खांद्यावरून काळा पट्टा घेऊन, जणू राज्यघटनेचे सुतक पाळीत, वर्णद्वेषी सरकारविरुद्ध मूकपणे उभ्या राहू लागल्या. अर्जेंटिनात लष्करी राजवटीने पळवून नेलेल्या मुलांच्या माता १९७७ पासून ब्वेनोस आइरेसच्या प्लाझा दे मायो चौकात जमू लागल्या. एकमेकींना ओळखता यावे म्हणून त्यांनी डोक्याला पांढरे कापड बांधले. ते होते तान्ह्या बाळाचे लंगोट. त्याच देशात पुढच्या पिढीने त्या पांढऱ्या रुमालाचा वारसा घेऊन हिरवा रुमाल हाती घेतला आणि ३० डिसेंबर २०२० रोजी गर्भपाताच्या हक्काचा कायदा संमत करवून घेतला. आपल्याच देशात, बुंदेलखंडातील बांदा जिल्ह्यात, संपत पाल यांनी २००६ साली गुलाबी साडीतील स्त्रियांची संघटना उभारली. बाकीचे रंग पक्षांनी आणि पंथांनी आधीच वाटून घेतले होते. गुलाबी तेवढा मोकळा होता. ज्या रंगाची आमच्या पाचवीतील मुलाला लाज वाटत होती, तो पाहून तेथील मारकुटे नवरे दचकू लागले.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. रंग म्हणजे सक्षमीकरण नव्हे. महिला दिनी कितीतरी कार्यालयांत जांभळ्या साड्यांची छायाचित्रे निघतात. त्या छायाचित्रात तेथे झाडलोट करणाऱ्या कंत्राटी बाईंना बोलावल्याचे आम्ही क्वचितच पाहिले आहे. मजुरी, जमीन, शिक्षण, रात्री निर्धास्तपणे घरी येणे, यांतले काही बदलत नसेल तर साडीचा रंग बदलून काय होणार? २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांच्या प्रगतीवरून समाजाची प्रगती मोजण्याचा दंडक घालून दिला. तो दंडक हिशेबाचा आहे, सजावटीचा नाही.

तोच दंडक आपल्या विद्यालयाला लावण्याची वेळ आता आली आहे. नववी-दहावीच्या एकोणचाळीस मुलींनी व्यवस्थापनाला अर्ज दिला आहे. गणवेशाची पांढरी सलवार बदलून गडद निळी करावी, एवढीच त्यांची मागणी आहे. पाळीच्या दिवसांत डाग दिसेल या भीतीने त्या फळ्यापाशी जात नाहीत, कवायतीला मागे राहतात, दिवसभर ओढणी मागे बांधून बसतात, हे त्यांनी स्वतःच्या अक्षरात, न लाजता लिहिले आहे. आमच्या हजेरीपटावरही त्या दिवसांची अनुपस्थिती दिसते. यावर काही ज्येष्ठ मंडळींचे म्हणणे असे की, शुभ्र वस्त्र ही उपासक-उपासिकांची ओळख आहे. ती सोडू नये. त्यांच्या भावनेचा आम्ही आदरच करतो, कारण त्या शुभ्र वस्त्राने आमच्या आजीला काय दिले हे आम्ही वर सांगितले आहे. परंतु आजीने पांढरा रंग स्वीकारला तो तिला ताठ उभे राहता आले म्हणून. तोच रंग तिच्या पणतीला बाकावर जखडून ठेवू लागला, तर रंग जपायचा की पणतीचे ताठ उभे राहणे जपायचे?

विम्बल्डनसारख्या, शुभ्र पोशाखाच्या बाबतीत अत्यंत कर्मठ असलेल्या स्पर्धेनेही २०२३ पासून स्त्री खेळाडूंना आतून गडद रंगाची विजार घालण्याची मुभा दिली, ती याच कारणासाठी. महाडला खूण टाकून देण्याचे धैर्य दाखविणाऱ्यांच्या वारसांनी त्याहून मागे राहू नये. बुद्धपौर्णिमेला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मुली शुभ्र वस्त्रे नेसतीलच, आणि आनंदाने नेसतील. वर्षाचे उरलेले दिवस त्यांना निर्धास्तपणे शिकू द्यावे.

आणि त्यांनी मागितलेला रंग तरी कोणता आहे? बाजाराने जो मुलांचा ठरविला, तोच निळा. ज्या निळ्या झेंड्याखाली आपल्या आया-बहिणी मुले कडेवर घेऊन चालत आल्या, तो रंग आपल्या समाजात कधीच एकट्या पुरुषाचा नव्हता. येत्या शैक्षणिक वर्षापूर्वी या अर्जावर निर्णय व्हायचा आहे. माजी विद्यार्थिनींनी आपले अनुभव कळवावेत, पालकांनी, विशेषतः वडिलांनी, या विषयावर घरात मोकळेपणी बोलावे आणि समाजबांधवांनी या एकोणचाळीस सह्यांच्या मागे उभे राहावे, एवढी विनंती करून आम्ही लेखणी खाली ठेवतो.

जयभीम! नमो बुद्धाय!