आईने न पुरी केलेली वाक्यं

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे आणि अजूनही अधूनमधून अडखळतो. या दोन्ही गोष्टी एका माणसात सुखाने नांदतात, ती आईची पुण्याई.

चौथ्या वर्षाच्या सुमारास माझं बोलणं अडकू लागलं. आजी मधात वेखंड उगाळून जिभेला चोळायची. 'प' आला की ओठ मिटायचे ते उघडतच नसत, आणि माझं नाव नेमकं त्याच अक्षरावरचं! पाहुण्यांनी नाव विचारलं की आत्या चटकन सांगून मोकळी व्हायची. एकदा भाकरी थापता थापता आई म्हणाली, "वन्सं, त्याला सांगू द्या की. आपल्याला कुठं यष्टी गाठायचीय?" तव्यावरची भाकरी करपली, पण माझं नाव बाहेर पडेपर्यंत तिने माझ्यावरची नजर काढली नाही.

"सावकाश बोल" असं ती कधी म्हणाली नाही. स्वतःच सावकाश बोलायची. वाण्याकडे मलाच धाडायची, तेही चिठ्ठीशिवाय. पोरं हसली म्हणून रडत आलो तर जवळ घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशवी हातात. तेव्हा मला तिचा राग यायचा.

पुढे मुंबईत हा विषय शिकताना तिची रीत पुस्तकात सापडली. मुलाचं वाक्य आपण पुरं करू नये, तो कसं बोलतो यापेक्षा काय बोलतो ते ऐकावं. बहुतेक लहान मुलांचं अडखळणं आपोआप सुटतं. ज्यांचं सुटत नाही, त्यांना खरी खाते ती लाज. उत्तर येत असून अशी मुलं वर्गात हात वर करत नाहीत.

पण त्याच अभ्यासात अमेरिकी वाचातज्ज्ञ वेंडेल जॉन्सनही भेटले. मुलाच्या बोलण्याला पालक नावं ठेवतात, त्यातूनच तोतरेपणा जन्मतो, असं त्यांचं मत. १९३९ साली आयोवातल्या एका अनाथाश्रमात नीट बोलणाऱ्या काही मुलांना बोलण्यावरून सतत टोकण्याचा प्रयोग त्यांच्या देखरेखीखाली झाला. त्यातली मुलं तोतरी झाली नाहीत. मात्र बोलायलाच बिचकू लागली. तरी कितीतरी वर्षं आयांच्या माथी दोष राहिला. आमच्या घरीही आजी म्हणायचीच, "आईच्या धाकानं पोराची वाचा अडकली."

तोतरेपणाशी निगडित जनुकं २०१० साली सापडली. ते वाचून मी गावी फोन केला. म्हटलं, तुझा दोष नव्हता, हे घराण्यातून येतं.

"ते मला लग्नानंतर आठवड्यातच कळलं होतं," आई म्हणाली. "तुझे आजोबा कमी का बोलायचे, असं वाटतं तुला? गावाला वाटायचं, करारी माणूस आहे."

"मग आजीला बोलली का नाहीस कधी?"

"सासऱ्यांचं व्यंग सासूच्या तोंडावर काढू?"