कळसूबाईवरून आपलं गाव दिसतं का?

चौथीच्या वर्गात डोंगर-नद्या शिकवताना दरवर्षी मी फळ्यावर एक वाक्य लिहिते. 'महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर.' मुलं वहीत उतरवतात, पेपरात लिहितात, मार्क पडतात. गेल्या वर्षी मात्र मागच्या रांगेतून आवाज आला, "मॅडम, तुमी गेलत्या का तिथं?" मी नाही म्हणाले. लगेच दुसरा, "तिथून आपलं गाव दिसतं का?" वर्ग हसला. मीही हसले, आणि उत्तर न देताच पुढचा मुद्दा घेतला.

आमची शाळा पाथरी तालुक्यात. चहूकडं सपाट काळं रान, कापूस, सोयाबीन, ऊस. गावातली सगळ्यात उंच वस्तू म्हणजे पाण्याची टाकी. आपल्या जिल्ह्यात डोंगर बघायचा तर जिंतूरला नेमगिरीकडं जावं लागतं, आणि तेही डोंगर तसे लहानच. अशा मुलांना १६४६ मीटर कशानं मोजून दाखवायचे? शिवाय ही उंची समुद्रसपाटीपासूनची, हे आपण बऱ्याचदा सांगायचंच विसरतो. आपण स्वतःच समुद्रापासून चारेकशे मीटर वर बसलोय. मी तरी हे कधी वर्गात सांगितलं नव्हतं.

डी.एड.ला आम्ही चौघी एका खोलीत राहायचो आणि एकमेकींना गावाच्या नावानं हाक मारायचो. सेलू, जिंतूर, गंगाखेड आणि मी पाथरी. अजूनही तेच चालतं. मी ग्रुपवर टाकलं की कळसूबाईला जायचंय, मुलांसाठी फोटो आणायचाय. तिघी तयार झाल्या. मावसभाऊ लग्नाचे फोटो काढतो, त्याचा जुना कॅमेरा मागून घेतला. त्यानं दहा वेळा बजावलं, पट्टा गळ्यातून काढू नकोस.

सप्टेंबरातला शनिवार. परभणीहून रात्रीची गाडी धरली, पहाटे नाशिक रोडला उतरलो, ठरवलेल्या जीपने घोटीमार्गे बारी. हे गाव अकोले तालुक्यात, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यात. कळसूबाईची पायवाट इथूनच सुरू होते. भातखाचरं हिरवीगार, बांधावर सोनकीची पिवळी फुलं. फोटो काढत काढत पहिला अर्धा तास मजेत गेला.

मग चढ लागला. बारीपासून शिखर आठ-नऊशे मीटर वर आहे, आणि आम्ही रोज शाळेच्या दोन पायऱ्या चढणाऱ्या बायका! निसरडी माती, ओले दगड. पिंढऱ्या भरून आल्या. वाटेत काळ्या खडकाला हात टेकून उभी असताना सेलू म्हणाली, "हा बेसॉल्ट. आपल्या रानातली काळी माती याचीच झालेली." ती वरच्या वर्गांना भूगोल शिकवते, तिला अशा वेळीही सुचतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले, सह्याद्री त्याचाच आणि आपलं पठारही त्याचंच. हे मी शिकवलेलं होतं, पण दमून त्या खडकाला गाल टेकवल्यावर जरा वेगळं वाटलं.

पुढं लोखंडी शिड्या लागतात. कड्याला टेकवून ठोकलेल्या, जवळजवळ उभ्या. पहिली कशीबशी चढलो. गळ्यातला कॅमेरा प्रत्येक पायरीवर आपटत होता. दुसऱ्या शिडीखाली गंगाखेड थांबली. तिचा गुडघा सकाळपासून दुखत होता, ती बोलली नव्हती. वर बघून म्हणाली, "मला गरगरायलंय. तुम्ही जा, मी बसते इथं."

सेलू आणि जिंतूर पुढं गेल्या होत्या. मी शिडीच्या मध्यावर. ढग उतरायला लागले होते आणि माझ्या डोक्यात एकच, आता वर पोचले नाही तर फोटो गेला. मी म्हणाले, "बस मग, आलोच." वरून खाली एक फोटो मारला, उगीच, आणि निघाले.

शिखरावर कळसूबाईचं छोटंसं देऊळ आहे. बाकी काही नाही. म्हणजे होतं सगळं, अलंग-मदन-कुलंगची रांग, भंडारदऱ्याचं पाणी. पण आम्हाला दिसलं फक्त पांढरं. हात लांब केला तर बोटं अंधुक. मी तरी वीसेक फोटो काढले. आपण हट्ट सोडत नाही.

देवळाच्या पत्र्यावरून थेंब गळत होते. सेलू म्हणाली, "बघ, हे पाणी उत्तरेला गेलं तर दारणेत, दक्षिणेला गेलं तर प्रवरेत. दोन्ही नद्या शेवटी गोदावरीला."

"म्हणजे जायकवाडीत," मी म्हणाले.

"म्हणजे पाथरीच्या कॅनालला."

मला एकदम मुलाचा प्रश्न आठवला. दिसत नाही बाळा, पण इथलं पाणी तुझ्या रानात येतं! मी खुशीत येऊन म्हणाले, "आणि नदीनं तसंच पुढं गेलं की..."

"गंगाखेड," जिंतूर म्हणाली.

तिघी एकमेकींकडं बघत राहिलो. आम्ही निघून सव्वा तास झाला होता. मोबाईलला रेंज नव्हती.

उतरताना शिड्यांची भीती वाटली नाही, दुसरीच वाटत होती. ती शिडीखाली नव्हती. पाच-सात मिनिटं आम्ही नुसत्या हाका मारत खाली धावत होतो. थोडं खाली प्लास्टिक टाकलेली एक टपरी होती, तिथं ती बसलेली. टपरीवाल्या मावशींनी तिला हाताला धरून, पहिल्या शिडीवरून खाली आणलं होतं. लिंबू सरबत पाजलं होतं, गुडघ्याला फडकं बांधलं होतं आणि कळसूची गोष्ट सांगत होत्या. कळसू कोळ्याची पोर. भांडी घासणार नाही, केर काढणार नाही, या अटीवर कामाला राहिली. घरच्यांनी अट मोडली, तशी डोंगरावर निघून गेली ती गेलीच.

गंगाखेडनं विचारलं, "मिळाला फोटो?"

"धुकं होतं."

"बरं झालं," ती म्हणाली. हसली नाही. मावशींनी पैसे फक्त सरबताचे घेतले. परतीच्या गाडीत गंगाखेड वरच्या बर्थवर भिंतीकडं तोंड करून झोपली.

मंगळवारी वर्गात फोटो दाखवले. शिखराचा फोटो बघून एकजण म्हणाला, "मॅडम, हा तर कोरा कागद हाय." मग फळ्यावर नद्या काढल्या. कळसूबाई, दारणा, प्रवरा, गोदावरी, पैठणचा नाथसागर, डावा कालवा. आमच्या गावापर्यंत खडूची रेघ आणली तेव्हा पोरं उभी राहून बघत होती. "कॅनालचं पाणी तिथलं?" "तिथलंही." वर्गाला हे फार आवडलं. शिक्षक मित्रांनो, ही रेघ जरूर काढून बघा, आपल्याकडं कॅनाल सगळ्या पोरांना माहीत असतो.

पण उंची कळली ती वेगळ्याच फोटोतून. मी उगीच काढलेला तो. शिडी खाली जात जात बारीक झालेली, आणि अगदी तळाला लाल ओढणीतली एक बाई, मुंगीएवढी, वर बघतेय. "आई गं!" असं पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. नुसत्या डोंगराच्या फोटोत चढ सपाट होतो, माणूस असलं की समजतं. हे मला आधी माहीत नव्हतं.

"ह्या कोण, मॅडम?"

"माझी मैत्रीण."

"त्या नाही आल्या वर?"

"पाय दुखत होता."

मुलगी थोडा वेळ फोटो बघत राहिली. सहलीला जाताना मी मुलांना जोडीनं हात धरायला लावते. एसटीत बसताना, उतरताना, जेवताना मोजते. कुणी मागं राहिलं तर सगळे थांबतात, हा नियम माझाच.

"मग तुमी त्यांना एकटीला सोडून गेल्या?"

"हो," मी म्हणाले.

संध्याकाळी गंगाखेडला फोन लावला. मुलीनं काय विचारलं ते सांगितलं, आणि त्या दिवशी न बोललेलंही बोलले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "लाल ओढणीतला तो फोटो पाठव आधी. बघू दे, किती खाली ठेवून गेलतीस ते."